साधी गाठ, अवघड जागा

(दृश्य : मालवणजवळची एक वाडी. मागील दारी चूल, चुलीवर मोदकपात्र, झाकणाच्या कडेनं निघणारी वाफ.)

नागपंचमीला आमच्या घरी पातोळ्या होतात. हळदीच्या पानावर तांदळाच्या पिठाचा पातळ थर, त्यावर गूळ-खोबऱ्याचं सारण, पान मधोमध दुमडायचं आणि वाफेवर ठेवायचं. पाण्याला उकळी फुटली की थोड्याच वेळात तो वास माजघरातून ओटीवर, ओटीवरून खळ्यात. वाटेनं जाणाऱ्यालाही कळतं, आज या घरात पातोळ्या आहेत.

चार वर्षांपूर्वीच्या नागपंचमीला आत्या चुलीपाशी बसली होती. झाकणाजवळ नाक नेऊन ती माझ्या आईला म्हणाली, "वैनी, मी हळदीची पानां घातलंय मां?"

आई हसली. आम्ही सगळेच हसलो. सगळं घर त्या वासानं भरलेलं होतं आणि पातोळ्या करणारीच विचारत होती, पानं घातली का!

ते हसणं मला आजही टोचतं. आत्याच्या कपाळामागे, नाकाच्या अगदी वर, एक गाठ वाढत होती, आणि तिनं दिलेली पहिली खूण आम्ही हसण्यावारी नेली.

(दृश्य : किनाऱ्यावर मासळीच्या टोपल्या. बांगड्याचा कल्ला उचलून पाहणारा हात.)

त्यानंतर बांगड्यांचं झालं. आत्याचा जन्म मासळीत गेलेला. बाजारात तिला कुणी शिळी मासळी देऊ शकत नसे. त्या दिवशी ती अर्धा डझन बांगडे घेऊन आली आणि साफ करायला बसली. शेजारीण कुंपणापलीकडून म्हणाली, "अगो, ह्या बांगड्यांका वास येता मगे!" आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "माका येना नाय."

सर्दी असेल, असं आम्ही धरलं. कोरोनात बऱ्याच जणांचा वास गेला होता, त्यातलंच काही असेल. एका डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा दिला, दुसऱ्यांनी डोकेदुखीवर पित्ताच्या गोळ्या. दोघांचंही वाईट वाटतं. पण आम्ही तरी त्यांना काय सांगितलं होतं? पहिल्यांना "वास येत नाही," दुसऱ्यांना "डोकं दुखतं," एवढंच. वास गेल्याचं दुसऱ्या डॉक्टरांपुढे कुणी काढलंच नाही. डोकेदुखी आणि वास यांचा एकमेकांशी संबंध असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मग स्वभाव बदलला. आत्या बोलेनाशी झाली. सकाळची आंघोळ दुपारवर जाऊ लागली. जावेचं बाळंतपण, भाच्याचं लग्न, कशातच तिचा जीव रमेना. एकदा पाहुण्यांसमोर ती असं काही बोलून गेली, की जे ती उभ्या आयुष्यात बोलली नसती. कुणी म्हणालं वय झालं. कुणी म्हणालं बाहेरचं आहे. गावदेवीला गाऱ्हाणं घातलं. त्यात काही चुकलं असं मला वाटत नाही, माणूस घाबरला की देवाकडेच जातो. चुकलं ते एवढंच, की गाऱ्हाणं घातल्यावर आम्ही सहा महिने वाट पाहत बसलो.

(दृश्य : सोललेला नारळ. करवंटी फुटते. आतलं खोबरं आणि त्याला चिकटलेली तपकिरी साल.)

आत काय चाललं होतं, ते नारळावरून समजून घेऊ.

बाहेर करवंटी, आत खोबरं, आणि खोबऱ्याला घट्ट चिकटलेली तपकिरी साल. आपलं डोकं थोडंफार असंच रचलेलं आहे. कवटी म्हणजे करवंटी. मेंदू आत. दोघांच्या मध्ये पातळ आवरणं, एकूण तीन. आत्याची गाठ मेंदूची नव्हतीच. ती या आवरणातून, तिथल्या पेशींतून निघाली होती आणि कवटीच्या बाजूनं मेंदूला आत दाबत होती. या गाठीला मेनिन्जिओमा म्हणतात. हे नाव अमेरिकेतले मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९२२ मध्ये दिलं. मोठ्या माणसांमध्ये डोक्याच्या आतच सुरू होणाऱ्या गाठींत ही सगळ्यात जास्त आढळते, आणि पुरुषांपेक्षा बायकांत तिचं प्रमाण साधारण दुप्पट आहे. यातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. त्या शरीरात दुसरीकडे पसरत नाहीत. वाढ इतकी हळू, की अनेकदा वर्षाला जेमतेम एक-दोन मिलिमीटर.

मग भीती कसली?

पोटात गाठ वाढली तर पोट पुढे येतं. मानेवर वाढली तर कातडी ताणते. कवटी ताणत नाही. आतली जागा ठरलेली आहे. गाठीनं जी जागा घेतली ती मेंदूनं सोडायची. हळू वाढणाऱ्या गाठीला मेंदू बराच काळ सांभाळून घेतो, सरकतो, दबतो, काम चालू ठेवतो. म्हणूनच अशी गाठ बरीच मोठी होईपर्यंत बाहेर पत्ता लागत नाही. आपण 'अवघड जागेचं दुखणं' म्हणतो ना, ते इथे अक्षरशः खरं आहे. गाठ साधी की नाही, हे पेशींवरून ठरतं. ती काय नासवेल, हे जागेवरून.

आत्याची जागा अशी : नाकाच्या वरच्या हाडाला चाळणीसारखी बारीक भोकं असतात. त्यांतून वासाचे तंतू वर मेंदूकडे जातात. गाठ नेमकी त्या चाळणीवर बसली होती. म्हणून आधी वास गेला. मग ती वर वाढत गेली आणि मेंदूच्या पुढच्या भागाला रेटू लागली. माणसाचा उत्साह, त्याची भीड, कुणापुढे काय बोलावं याचं भान, हे सगळं त्या भागाच्या हवाली असतं. आम्ही आत्याला आळशी म्हणत होतो. तिची आंघोळ, तिचं बोलणं, तिचं हसणं त्या दाबाखाली होतं.

(दृश्य : रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. ते ओढणारी माणसं, एका दोरीला खांद्याला खांदा लावून.)

जागा बदलली की खुणा बदलतात.

रापण ओढताना सगळ्यांनी एका सुरात आवाज द्यायचा असतो. समजा, त्या रांगेतल्या एकाला उजवीकडच्याचं ओरडणं नीट ऐकू येत नाही. फोन तो नेहमी डाव्या कानाला लावतो. उजव्या कानात सतत शूंऽऽ असा आवाज, होडीत चढताना तोल जातो. जन्मभर इंजिनाशेजारी बसल्यानं कान गेला, असं घरचे धरून चालतात. पण इंजिनाचा गोंगाट सहसा दोन्ही कान नेतो. एकाच कानाचं ऐकणं हळूहळू जात असेल, तर ऐकण्याच्या आणि तोलाच्या नसेवर वाढणारी गाठ आहे का, हे बघायलाच हवं. तिला श्वानोमा म्हणतात. तीही बहुतेक वेळा साधीच असते.

तिसरी जागा म्हणजे पीयूषिका ग्रंथी. मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढी. तिच्या अगदी वर डोळ्यांच्या दोन नसा एकमेकींना ओलांडतात. ग्रंथीची गाठ वर वाढली की त्या नसा दबतात, आणि दोन्ही बाजूंचं, कानांकडचं दिसणं कमी होतं. समोरचं स्वच्छ दिसतं, म्हणून नंबर तपासला तरी गोंधळ उरतो. माणूस दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. बाजूनं येणारी रिक्षा त्याला दिसत नाही. ही ग्रंथी शरीरातल्या स्रावांची मुकादम आहे, त्यामुळे इतर खुणाही निघतात : बाईची पाळी थांबते, मूल अंगावर नसताना दूध येतं, कुणाची अंगठी घट्ट होते, चपलेचं माप वाढतं. यातल्या दूध आणणाऱ्या गाठीला बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागतच नाही, गोळ्यांनी ती आकसते. हे मला कळलं तेव्हा मी थक्क झालो होतो. डोक्यातली गाठ, आणि गोळीनं लहान होते!

(दृश्य : पावसाळा. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या.)

आत्याला फेफरं आलं ते जूनमध्ये, मासेमारी बंद होती तेव्हा. म्हणून घरात माणसं होती. ती जमिनीवर पडली, हातपाय झटकू लागले. कुणी चमचा आणायला धावलं, कुणी चप्पल. चुलत्यानं कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला. ज्या नाकाला दोन वर्षं हळदीचं पान कळत नव्हतं, त्या नाकाशी कांदा.

आत्ता हे बघणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं : फेफरं आलेल्याच्या तोंडात काही घालू नये. त्याला कुशीवर वळवावं, डोक्याखाली मऊ काही द्यावं, घड्याळ बघावं. पाच मिनिटांत थांबलं नाही, तर गाडी काढावी. आणि मोठ्या वयात पहिल्यांदाच फेफरं आलं असेल, तर ते थांबलं तरी डोक्याची तपासणी करायचीच.

सिटी स्कॅन जिल्ह्याच्या ठिकाणी झाला, पुढचं सगळं बांबोळीला, गोव्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात. सिंधुदुर्गातल्या माणसाला हे नाव सांगावं लागत नाही. मोठं दुखणं आलं की आमची गाडी गोव्याच्या दिशेनंच वळते. तिथल्या डॉक्टरांनी यंत्राला हात लावण्याआधी अर्धा तास नुसतं विचारलं. डोकं सकाळी जास्त दुखतं का? खोकताना, वाकताना? उलटी होते? मग एक नाकपुडी दाबून दुसरीशी कॉफीची पूड धरली, नंतर उलट. आत्या दोन्ही वेळा नाही म्हणाली. डोळ्यांत थेंब टाकून पडद्यामागची नस पाहिली. डोक्यात दाब वाढला की ती सुजते. सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकून चालायला लावलं. तेव्हा आईला हळदीची पानं आठवली आणि तिनं ते सांगितलं. डॉक्टरांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. "हे कधीचं?" असं त्यांनी विचारलं. आमच्यापैकी कुणी तोवर ती तारीख मोजलीच नव्हती.

एमआरआयच्या आधी अंगावरचं सगळं धातूचं काढायचं असतं. तिथे मोठं चुंबक असतं, क्ष-किरण नसतात. आत्यानं कुड्या काढल्या, जोडवी काढली. मंगळसूत्रापाशी हात थांबला. लग्नानंतर ते कधी गळ्यातून उतरलं नव्हतं. तिथल्या नर्सनं गळ्याला काळा दोरा बांधून दिला आणि मंगळसूत्र काकांच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या तळहातावर ठेवलं. पाऊण तास काका मूठ मिटून बाकावर बसून होते. आतून हातोड्यासारखा ठकठक आवाज येत होता. मधे शिरेतून एक औषध देतात, त्यानं गाठ उजळून दिसते.

फिल्मवर ती पांढरी, गुळगुळीत, कडा स्पष्ट. साडेतीन सेंटिमीटर. काका म्हणाले, "रतांब्याएवढी."

पडद्यावर दिसणारा प्रत्येक डाग अशी गाठ नसतो, हेही सांगितलं पाहिजे. आपल्याकडे क्षयाची गाठ किंवा फीतकृमीच्या अंड्यांतून झालेला फोडही फेफरं आणतो, आणि ते औषधांनी बरे होतात. गाठच असली तरी ती लहान असेल, त्रास देत नसेल, तर डॉक्टर काही न करता ठरावीक महिन्यांनी पुन्हा एमआरआय काढून नुसती नजर ठेवतात. फिल्म बघून अंदाज बराच बांधता येतो, पक्कं ठरतं ते तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर.

(दृश्य : रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसलेले नातेवाईक.)

व्हरांड्यात एकच प्रश्न फिरत होता. कशामुळे?

मोबाईलमुळे, असं भावाचं म्हणणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०११ मध्ये मोबाईलच्या लहरी 'कदाचित कर्करोगकारक' या वर्गात टाकल्या होत्या. त्यानंतरच्या मोठ्या अभ्यासांत मोबाईलमुळे मेंदूच्या गाठी वाढल्याचं दिसलेलं नाही. लहानपणी माडावरून पडली होती, असं काकांचं म्हणणं. डोक्याच्या मारानं अशी गाठ होते, हे सिद्ध झालेलं नाही. ज्याचा पुरावा पक्का आहे ते म्हणजे लहान वयात डोक्याला दिलेले किरणोपचार. इस्रायलमध्ये १९५० च्या दशकात हजारो मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णावर क्ष-किरण दिले गेले, आणि त्या मुलांत पुढे कित्येक वर्षांनी या गाठी जास्त निघाल्या. काही थोड्या घरांत बाविसाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातला दोष पिढ्यांतून येतो. स्त्री-संप्रेरकांचाही हात असावा. काही संप्रेरक औषधं दीर्घकाळ घेतलेल्या बायकांत हा धोका वाढलेला दिसला आहे. अशी औषधं मनानं बंद करू नयेत, पण डॉक्टरांना जरूर सांगावीत. बाकी बहुतेक रुग्णांत कारण सापडत नाही. आत्याच्यातही सापडलं नाही. तिनं काही खाल्लं म्हणून, कुणी काही केलं म्हणून हे झालं नव्हतं, एवढं मात्र डॉक्टरांनी काकांचा हात धरून सांगितलं, आणि काका तेव्हा पहिल्यांदा रडले.

खर्चाचं बोलायला लोक लाजतात. लाजू नका. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा, आपली शस्त्रक्रिया सरकारी योजनेत बसते का ते विचारा, आणि रेशनकार्ड सोबत ठेवा.

शस्त्रक्रिया झाली. कपाळाच्या वरचं हाड उघडून गाठ काढली, हाड परत बसवलं. दहा-बारा दिवसांनी अहवाल आला : पहिली श्रेणी, साधी गाठ. अहवालात एक ओळ होती, ती मी डॉक्टरांकडून समजून घेतली. या गाठीत सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळदा चुन्याचे बारीक गोल कण दिसतात, थरावर थर चढलेले. त्यांना सॅमोमा कण म्हणतात, आणि या नावातला मूळ ग्रीक शब्द म्हणजे वाळू.

(दृश्य : पुन्हा तीच चूल. आत्याचा हात झाकणाकडे जातो.)

आत्या बोलायला लागली आहे. बाजारात भाव पाडून घेते. वर्षातून एकदा बांबोळीला एमआरआय, कारण गाठ काढली तरी काही जणांत ती परत वाढते. वास काही परत आला नाही. तो येणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बांगडा ती आता कल्ल्याच्या रंगावरून आणि अंगठ्यानं दाबून घेते, आणि शंका आलीच तर माझ्या मुलीला हाक मारते : "गे, वास घे बघया."

या नागपंचमीला पातोळ्या तिनंच केल्या. झाकण जरासं उचलून ती पानाचा रंग बघत होती. हिरवंगार पान वाफेत शेवाळी पडायला लागलं, तसं तिनं लाकूड मागे ओढलं.

"झाल्यो," ती म्हणाली. "ताटां घ्या."