तिकीट उतरवण्याआधी

[काळ्या कापडावर एक जुनं पोस्टकार्ड. कॅमेरा वरून. चिमटा कार्ड उलटवतो.]

या कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात तिकीट होतं. आता तिथे कागदाचा पापुद्रा सोललेला दिसतो आणि टपालाच्या गोल शिक्क्याचा डावीकडचा अर्धा भाग तेवढा उरलाय. गावाच्या नावाची शेवटची अक्षरं, महिना, साल, सगळं तिकिटाबरोबर गेलं. ते तिकीट कुठल्या तरी अल्बममध्ये सुखरूप असेलही. पण ते कुठून कुठे गेलं होतं, हे आता जोडून सांगता येणार नाही.

म्हणून पाणी ओतायच्या आधी एकदा ठरवायचं, उतरवायचं की राहू द्यायचं. शिक्का तिकिटावरून कागदावर सलग उतरला असेल, तारीख वाचता येत असेल, पत्ता शाबूत असेल, तर पाकीट अख्खं ठेवा. पोस्टकार्डाच्या बाबतीत तर तिकीट उतरवण्याचा विचारसुद्धा करू नका. पाण्यात टाकायचे ते पाकिटांचे कापलेले सुटे तुकडे, ज्यांचा मागचा-पुढचा संदर्भ आधीच गेलेला आहे.

[पसरट ट्रे. तुकडे पाण्यावर तरंगताना, जवळून.]

कात्रीने तिकिटाभोवती जवळजवळ अर्धा सेंटिमीटर कागद राखून कापायचं. अगदी कडेला कापायला गेलं की एखादा दाता उडतोच. रंगीत पाकिटांचे तुकडे आधीच बाजूला काढा. लाल, हिरव्या किंवा जांभळ्या कागदाचा रंग पाण्यात सुटतो आणि शेजारच्या पंधरा तिकिटांना लागतो. ते वेगळ्या भांड्यात, थंड पाण्यात, एकेक करून. जांभळ्या पेनाने किंवा जांभळ्या रबरी शिक्क्याने खूण केलेले तुकडेही त्याच भांड्यात.

बाकीच्यांना कोमट पाणी. गरम नको, गरम पाण्याने गोंद लवकर सुटतो खरा, पण शाईही सैल होते. तिकिटाचं तोंड वर ठेवून तुकडा तरंगू द्यायचा, म्हणजे पाणी खालच्या कागदातून गोंदापर्यंत पोहोचतं. दहा-पंधरा मिनिटं, जुना घट्ट गोंद असेल तर अर्धा तास. वेळ झाली हे तिकीटच सांगतं: कागदावरून ते आपोआप सरकायला लागतं.

[बोटाच्या हलक्या स्पर्शाने तिकीट सरकतं.]

इथे ओढायचं नाही. ओलं तिकीट ओढलं की मधोमध कागद विरळ होतो. पुढून काही दिसत नाही, पण मागच्या बाजूला खड्डा पडतो आणि तिकीट कायमचं दुय्यम दर्जाचं होतं. सरकलं की मागून बोट फिरवायचं. बुळबुळीत लागलं तर गोंद अजून आहे. स्वच्छ पाण्यात पुन्हा एकदा बुडवून काढा. उरलेला गोंद वाळताना टीपकागदाला चिकटतो, आणि सगळी मेहनत दुसऱ्यांदा करावी लागते.

वाळवताना तोंड खाली, पाठ वर. पूर्ण कोरडी व्हायच्या आत, किंचित दमट असतानाच दोन टीपकागदांच्या मध्ये घालून वर जाड पुस्तकं ठेवायची, रात्रभर. खडखडीत वाळवून मग दाबली तर गुंडाळलेली तिकिटं सरळ होण्याऐवजी घडीवर मोडतात. अलीकडची स्वयंचिकट तिकिटं मात्र या सगळ्याला दाद देत नाहीत. अनेकांचा चिकटद्रव पाण्यात विरघळतच नाही. ती कागदासकट नीट कापून ठेवावीत, हा आमचा सल्ला.

[दंतमापक पट्टीवर तिकीट सरकतं. कडा आणि ठिपके जुळतात.]

आता ओळख पटवायची. एकाच चित्राची, एकाच रंगाची दोन तिकिटं वेगळ्या छपाईची असू शकतात आणि फरक बहुधा कडेला असतो. दोन सेंटिमीटर अंतरात किती भोकं बसतात तो आकडा म्हणजे दंतमाप. चौदा गुणिले साडेचौदा असं लिहिलेलं असेल, तर पहिला आकडा आडव्या कडेचा, दुसरा उभ्या कडेचा. दाते नसलेलं तिकीट हाती आलं तर लगेच हुरळून जाऊ नये. दात्यांचं तिकीट कात्रीने छाटून बिनदाती बनवणं फार सोपं असतं. चारही बाजूंना रुंद कोरी किनार हवी. एकमेकांपासून न सुटलेली जोडी असेल तर उत्तम.

[पेनी ब्लॅक, भिंगाखाली. खालच्या दोन कोपऱ्यांतली अक्षरं.]

1840 सालचं ब्रिटनचं पेनी ब्लॅक, जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट. त्याला दाते नव्हतेच, पोस्टातला माणूस कात्रीने कापून द्यायचा, म्हणून चारही किनारी शाबूत असलेला नमुना संग्राहकांना इतका प्रिय. खालच्या कोपऱ्यांतली अक्षरं नक्षीसाठी नाहीत. एका पानावर 240 तिकिटं, बारांच्या वीस ओळी. डावं अक्षर ओळ सांगतं, उजवं त्या ओळीतली जागा. पहिलं ए-ए, शेवटचं टी-एल. वर लाल रंगात मारलेला फुलीसारखा शिक्का दिसतोय ना? तो धुऊन तिकीट पुन्हा वापरता येतं हे लवकरच लक्षात आलं. 1841 मध्ये तिकीट तांबूस लाल झालं आणि शिक्का काळा.

[काळी तबकडी. तिकीट पालथं. द्रवाचे थेंब पडतात, आतली आकृती उमटते.]

कागदातलं जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली आकृती, बघायला काळ्या तबकडीत तिकीट पालथं ठेवून वॉटरमार्क फ्लुइडचे दोन-तीन थेंब पुरतात. कागद जिथे पातळ, तिथे खालचा काळा रंग आधी दिसतो. लपवलेली जुनी विरळ जागा, डागडुजी, सुरकुती हेही याच क्षणी उघडं पडतं, त्यामुळे जलचिन्हात रस नसला तरी विकत घ्यायच्या आधी ही चाचणी करून घ्यावी. बेंझिनसारखा द्रव असेल तर खिडकी उघडी आणि आसपास ज्योत नको. फोटोग्रॅव्ह्यूरने, म्हणजे कोरलेल्या धातूच्या पृष्ठभागावरून, छापलेल्या काही तिकिटांचा रंग त्यात उतरतो. तिथे कोरडी तपासणीच बरी.

[पोस्टकार्डांची रांग. एकामागून एक उलटली जातात.]

पोस्टकार्ड आधी मागून वाचायचं. पहिलं अधिकृत पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीने 1869 मध्ये काढलं. चित्रकार्डं आली तेव्हा मागची अख्खी बाजू पत्त्यासाठी राखीव होती, म्हणून या कार्डावर चित्राखालच्या कोऱ्या पट्टीत अक्षरं अशी कोंबलेली दिसतात. मागे मधोमध उभी रेघ मारून डावीकडे मजकुराला परवानगी दिली ती ब्रिटनने 1902 मध्ये आणि अमेरिकेने 1907 मध्ये. रेघ नसेल तर कार्डाचं वय साधारण कळतं. मात्र छापून पडलेला जुना साठा लोक नंतरही वापरत राहिले. शिक्क्यावरची तारीख धाडल्याची असते, छपाई त्याच्या आधीची. दोन्ही ताडून बघायला शिक्का कार्डावर असावा लागतो.

[दहापट भिंग. चित्राचा पृष्ठभाग.]

भिंगाखाली सारख्या अंतरावर ठिपके दिसले तर ती हाफटोन छपाई. किड्यामुंग्यांच्या वाटांसारखी वेडीवाकडी रवाळ जाळी म्हणजे कोलोटाइप, जिलेटिनच्या थरावरून केलेली जुनी छपाई. ठिपकाच नाही, करड्या छटा सलग, तर तो खरा फोटो. त्याच्या गडद भागांत कडेला चंदेरी झाक चढलेली असते. ती पुसायची नाही, जुनेपणाची खूण आहे. असं कार्ड पाण्यात गेलं तर वरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि सुटतो. नकली जुनी कार्डं अतिनील दिव्याखाली पकडली जातात. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात उजळवणारं रसायन आहे, आणि ते कागदात 1950 च्या सुमारास आलं.

[पारदर्शक खिसे, अल्बमची पानं.]

साठवणीत पीव्हीसी प्लास्टिक टाळा. ते घाम सोडतं आणि शाई खेचतं. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे खिसे चालतात. चिकट पानांचे फोटो अल्बम तर घरात आणूच नयेत. कोऱ्या, गोंदवाल्या तिकिटांना दमट हवा शत्रू, ती एकमेकांना चिकटतात. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राखा. बुरशीचे तपकिरी ठिपके एकदा पडले की शेजारी पसरतात, तेवढं कार्ड लगेच वेगळं करा.

[स्कॅनर. कार्डाची पुढची, मग मागची बाजू.]

खिशात घालण्याआधी दोन्ही बाजू सहाशे डीपीआयवर स्कॅन करायच्या, पुढची आणि मागची एकाच क्रमांकाखाली. नोंद करायची ती खिशाला जोडलेल्या चिठ्ठीवर. कार्डावरच लिहावं लागलं तर मऊ शिसपेन्सिलीने, मागच्या बाजूला, शिक्क्यापासून लांब.