गुन्हा आजचा, पण भांडण जुन्या ऑर्डरचं

अमेरिकेतून एकदा डिपोर्ट केलेला माणूस परवानगी न घेता परत आला आणि सापडला, की तो नुसता व्हिसाचा घोळ राहत नाही, थेट फेडरल (केंद्र सरकारची) क्रिमिनल केस लागते. कलम १३२६. साधी शिक्षा २ वर्षांपर्यंत, आधीची एखादी फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, नावावर असेल तर १०, आणि ती इमिग्रेशन कायद्यातल्या 'अ‍ॅग्रव्हेटेड', म्हणजे जास्तच गंभीर धरलेल्या गटातली निघाली तर २० वर्षांपर्यंत.

सरकारी वकिलाला फार घाम गाळावा लागत नाही. माणूस परदेशी, आधी काढलेला, परवानगी नाही, इथे सापडला. डिपोर्ट केल्याची जुनी ऑर्डर आणि बोटांचे ठसे फाईलला लावले की झालं. म्हणून बहुतेक जण गुन्हा कबूल करून टाकतात, आणि त्या करारात बऱ्याचदा अपिलाचा हक्कही सोडून दिलेला असतो. ज्यांचा हक्क शिल्लक आहे त्यांनी निकालानंतर १४ दिवसांत नोटीस टाकायची.

मग अपिलात भांडायचं कशावर? तर जुन्या ऑर्डरवर. तीच चुकीची असेल तर तिच्यावर उभा केलेला गुन्हा कसा टिकेल?

१९८४ साली पकडलेल्या १३ जणांची डिपोर्ट करण्याबद्दलची सुनावणी एकत्रच उरकली गेली. वकील नाही, आणि अपिलाचा हक्क आहे हे धड समजावलंही नाही. त्यातले दोघं परत आले, पकडले गेले, आणि केस सुप्रीम कोर्टात गेली. १९८७ मध्ये जस्टिस थर्गुड मार्शल यांनी ५ विरुद्ध ४ असा निकाल लिहिला, की जिची कोर्टात तपासणीच होऊ शकली नाही अशी ऑर्डर गुन्ह्याचा पाया म्हणून वापरता येणार नाही. मेंडोझा-लोपेझ केस, आजही प्रत्येक डिफेन्स वकिलाच्या तोंडात असते.

पण १९९६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, हे दार अरुंद केलं. तीन अटी: तेव्हा इमिग्रेशन खात्यातच अपील वगैरे जे उपाय होते ते सगळे वापरलेले हवेत, कोर्टात जायची संधी चुकीच्या पद्धतीने हिरावलेली हवी, आणि ऑर्डर मुळातच अन्यायाची हवी.

आता पालोमार-सांतियागो केस बघा, म्हणजे ही अट किती बोचते ते कळेल. माणूस १९९० पासून कायदेशीर पर्मनंट रेसिडेंट. १९९१ मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याची फेलनी. १९९८ मध्ये इमिग्रेशन जज म्हणाले ही अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी आहे, ह्याने अपील सोडून दिलं, आणि रवानगी मेक्सिकोला. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानेच दुसऱ्या केसमध्ये सांगितलं की असा गुन्हा त्या गटात बसत नाही, म्हणजे ह्याला काढायलाच नको होतं! २०१७ मध्ये तो अमेरिकेत सापडला, १३२६ लागलं, खालच्या कोर्टांनी केस काढून टाकली, पण मे २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने ती परत उभी केली. जस्टिस सोतोमायोर यांनी लिहिलं की तिन्ही अटी पूर्ण व्हायलाच हव्यात, ऑर्डर चुकीची होती एवढ्यावर पहिल्या दोन माफ होत नाहीत.

आता कायद्याचे शब्द तसेच आहेत हे मान्य, पण जजच चुकतो तिथे वकील नसलेल्या माणसाने ती चूक ओळखून अपील करायचं, ही अपेक्षा जरा जास्तच नाही का? कारण इमिग्रेशनची सुनावणी सिव्हिल धरतात, तिथे सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, तो मिळतो नंतर, क्रिमिनल केस लागल्यावर. तो वकील बिचारा जुन्या सुनावणीचं ऑडिओ रेकॉर्डिंग मागवतो आणि कान देऊन ऐकतो: अपिलाबद्दल जज नक्की काय म्हणाले, दुभाष्याने काय सांगितलं, आपला अशील नुसताच 'हो' म्हणाला की समजून म्हणाला?

आणि एवढं करून क्रिमिनल केस पडली, तरी जुनी ऑर्डर आपोआप रद्द होत नाही, इमिग्रेशनवाले तीच पुन्हा लागू करून माणसाला काढू शकतात.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकी लष्करी विमानाने अमृतसरला उतरलेल्या १०४ भारतीयांमध्ये महाराष्ट्रातलेही होते. एजंट पुन्हा डंकी रूटचं, म्हणजे चोरवाटेने देशोदेशी फिरवत अमेरिकेत पोचवण्याचं, आमिष दाखवेल तेव्हा एक फरक तो सांगणार नाही: पहिल्यांदा लपून शिरण्याची शिक्षा जास्तीत जास्त ६ महिने, डिपोर्ट होऊन परत शिरलात तर सुरुवातच २ वर्षांपर्यंत शिक्षेच्या कलमाने.