एकरामागे चार गुंठे

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या जुळे सोलापूरकडच्या वसाहतीत सध्या लेआऊटमधल्या, म्हणजे प्लॉट पाडलेल्या मंजूर नकाशातल्या, ओपन स्पेसवरून बरंच बोलणं चाललंय. कुणाला तिथं अभ्यासिका हवी आहे. ज्येष्ठ मंडळींना विरंगुळा केंद्र हवंय. देवळासमोर सभामंडप टाकला तर लग्नकार्याची सोय होईल, असंही म्हणणारे आहेत. मुलांना मात्र काहीच बांधून नकोय, जागा आहे तशी राहू द्या एवढंच त्यांचं मागणं. बैठकीत त्यांना कुणी बोलावत नाही, म्हणून त्यांची बाजू आज मी मांडणार आहे.

माझी सगळी नोकरी मोजणी खात्यात झाली. नकाशावर दाखवलेली मोकळी जागा प्रत्यक्षात कशी आटत जाते, ते मी जवळून पाहिलंय. आधी कोपऱ्यात ट्रान्सफॉर्मर बसतो. त्याला लागून पाण्याची टाकी येते. मग एक छोटं देऊळ, देवळाला कट्टा, कट्ट्यावर पत्रे, आणि पत्र्याखाली मंडळाचं सामान. शेजारच्या प्लॉटवाल्याचं कंपाउंड दुरुस्तीला निघतं आणि पुन्हा उभं राहताना दोन हात पुढं सरकलेलं असतं. मोजणीला गेलं की कागदावरचं क्षेत्र जागेवर भरत नाही. कंपाउंडचं सोडलं, तर यातलं एकही काम कुणी वाईट हेतूनं केलेलं नसतं. टाकी हवीच असते, देवळावर श्रद्धा असते. मोकळ्या जागा जातात त्या बहुतेक वेळा अशा चांगल्या कामांनीच, आणि म्हणून त्यांच्यासाठी कुणी भांडत नाही.

ही जागा बिल्डरनं उदार होऊन सोडलेली नसते, हे आधी समजून घ्यावं. आज लागू असलेल्या राज्याच्या नियमावलीत चार हजार चौरस मीटर, म्हणजे एकराच्या आसपास, त्याहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडायचे असतील, तर दहा टक्के क्षेत्र खेळण्या-फिरण्यासाठी मोकळं सोडावं लागतं. एकरामागे चार गुंठे धरा. त्या चार गुंठ्यांची किंमत प्लॉट घेताना आपण सगळ्यांनी चौरस फुटाच्या दरातून मोजलेली असते. त्यामुळे त्यावर काय करायचं हे एकटं मंडळ किंवा एकटा पुढारी ठरवू शकत नाही.

ज्यांच्याकडे हे चार गुंठेही नाहीत, त्यांच्याकडे बघा. 1992 च्या हद्दवाढीत भोवतालची गावं शहरात आली. तिथल्या शेतजमिनी गुंठ्या-गुंठ्यानं विकल्या गेल्या, नोटरी करून, स्टॅम्प पेपरवर. पुढं 2001 चा गुंठेवारी कायदा आला आणि घरं नियमित करून घ्यायची वाट निघाली. पण जी जागा मुळात कुणी सोडलीच नाही, ती कायदा आणणार कुठून? तिथली पोरं आजही रस्त्यावर विटा रचून स्टंप करतात आणि रिक्षा आली की बाजूला होतात.

पूर्व भागात दाजी पेठ, साखर पेठ, अशोक चौक या बाजूला दुपारी कधी गेलात तर दारादारांत बाया विड्या वळताना दिसतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात तेंदूची पानं. पत्र्याचं माप ठेवून पान कातरायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. बोटं थांबत नाहीत. खोली तर एकच. त्याच खोलीत स्वयंपाक, अंथरूण आणि मुलांची दप्तरं. अशा घरातल्या मुलाला घराबाहेर चार पावलं पळता येईल अशी जागा किती मोलाची आहे, हे बाल्कनीवाल्यांना सांगून कळायचं नाही. तिथल्या मुलांना अभ्यासिकाही हवी, अगदी खरं आहे. पण शाळेचे वर्ग संध्याकाळी कुलपात असतात. परवानगी मिळवली तर अभ्यासिका तिथं चालवता येईल. क्रिकेट वर्गात खेळता येत नाही.

आपल्या उन्हाळ्याबद्दल सोलापूरकरांना मी काय सांगू! पारा चाळिशी ओलांडतो, आणि डांबर-काँक्रीट रात्री उशिरापर्यंत गरम राहतं. मातीची जागा लवकर निवते. शिवाय खाली काळा कातळ आहे, पाणी मुरायला आधीच वाव कमी. त्यात दारापुढं, गल्लीत, देवळापुढं सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवले, तर पहिल्या पावसाचं पाणी सरळ गटारात जाणार आणि मार्चमध्ये बोअर खडखडाट करणार.

आता होम मैदानाचा विचार करा. शहराच्या मधोमध, सोन्याच्या भावाची जागा. जानेवारीत सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, मैदानावर होम होतो, शोभेचं दारूकाम होतं. सातही नंदीध्वज निघतात, पाळणे लागतात, आपण सगळे गड्ड्याला, म्हणजे या जत्रेला, जातो. त्या मैदानात सगळ्या शहराचा जीव आहे. तिथं दुकानगाळे काढा म्हणायची कुणाची छाती होणार नाही. वसाहतीतल्या ओपन स्पेसला असा देव नाही, यात्रा नाही. तिच्याशी नातं आहे ते संध्याकाळच्या मुलांचं आणि सकाळी फिरणाऱ्या चार माणसांचं. म्हणून ती राखायचं काम आपल्याला ठरवून करावं लागतं.

बांधकाम मागणाऱ्यांचा त्रास खोटा नाही, हेही बोललं पाहिजे. आमच्याच जागेत गाजरगवत कमरेएवढं वाढतं. वेडी बाभूळ माजली आहे, राडारोडा येऊन पडतो आणि अंधार पडला की बाटल्या उघडतात. बायकांना तिथून जायची भीती वाटते. इमारत झाली तर निदान दिवा लागेल, असं त्यांना वाटतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. पण दिव्यासाठी खांब पुरतो. गवत काढा, बाभूळ उपटा, कडेनं कडुनिंब लावा, रात्री उजेड ठेवा. नळ, स्वच्छतागृह, साहित्य ठेवायला एखादी खोली लागेल, तर नियमावलीतही तेवढ्यापुरतं मर्यादित बांधकाम चालतं. मधलं मैदान मात्र मोकळं राहू द्या.

आणि चांगल्या कामासाठी मोकळी जागा घ्यायला काय हरकत, असं विचारणाऱ्यांना मी बंगळूरचा खटला सांगतो. तिथं एका वस्तीत बागेसाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमसाठी देण्यात आली. दवाखान्याइतकं चांगलं काम कुठलं? तरी रहिवासी कोर्टात गेले, आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. बागेची जागा बागेसाठीच राहिली पाहिजे. लखनौला अमीनाबादेतल्या एका जुन्या बागेखाली भुयारी बाजार बांधायला घेतला होता. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते बांधकाम काढून बाग पूर्ववत करायला लावली.

शहराच्या विकास आराखड्यातल्या मोठ्या आरक्षणांची, म्हणजे मैदान-बागेसाठी राखून ठेवलेल्या जमिनींची, गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथं जमीन अजून मालकाची असते. आराखडा मंजूर होऊन दहा वर्षं झाली आणि जमीन ताब्यात घेतली गेली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण संपतं. त्या मालकाला मी दोष देणार नाही. वर्षानुवर्षं विकता येत नाही, बांधता येत नाही, मोबदला मिळत नाही, त्यानं काय करावं? मैदान पाहिजे असेल तर त्याला रोख पैसे किंवा टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, वेळेवर मिळाले पाहिजेत, आणि त्यासाठी ते 24 महिने चालू असतानाच नागरिकांनी पाठीमागं लागलं पाहिजे. आरक्षण उठल्यावर मोर्चा काढून काही हाती लागत नाही. आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात, तेव्हा जमीनवाले वकिलासह सुनावणीला हजर असतात. मैदानावर खेळणाऱ्यांतर्फे कोण जातं, याची चौकशी एकदा आपापल्या भागात करा.

मंजूर लेआऊटची प्रत मिळवणं अवघड नाही. दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज करता येतो. ती प्रत घेऊन आधी जागेवर जा आणि चारही बाजू चालून बघा.

आमच्या वसाहतीत एकमत अजून झालेलं नाही. सभामंडपवाले नाराज आहेत, दोघा-तिघांनी तर माझ्याशी बोलणं कमी केलंय. पण मागच्या बैठकीत एवढं मात्र ठरलं, की आधी हद्द कायम मोजणी, म्हणजे नकाशावरच्या हद्दी जागेवर पक्क्या करणारी सरकारी मोजणी, करून घ्यायची आणि बांधकामाचं बोलणं नंतर. त्या दिवशी खुणेचे दगड रोवताना रोज तिथं खेळणाऱ्या सगळ्या मुलांना मी बोलावलंय. कुठला दगड कुठं बसला, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असलं पाहिजे. सभामंडपवाल्यांनाही निरोप दिलाय.

नमस्कार.