माझा भार कोण उचलतं?

मित्रहो, आजारानं मला खूप काही दिलं, असं मी इथे म्हणणार नाही. किडन्या निकामी झाल्या, नोकरी सुटली, घरातल्या सगळ्यांचे दिवस माझ्या डायलिसिसला बांधले गेले. याबद्दल देवाचे आभार मानावेत, असं मला कधीच वाटलं नाही. पण या सगळ्यात मी जगते आहे, ती कुणाच्या तरी जिवावर. बोलायचंय ते त्यांच्याविषयी.

‘आलिया भोगासी असावे सादर’ हे तुकोबांचे शब्द भेटायला येणारी माणसं हमखास ऐकवतात. पुढचा चरण मात्र राहून जातो: ‘देवावरी भार घालूनियां’. भोग एकटीनं सोस, असं तुकोबा सांगतच नाहीत. मग माझा भार कोण उचलतं, ते मी शोधू लागले.

शोधताना नेदरलँड्समधल्या डॉक्टर विलेम कोल्फ यांच्यापर्यंत पोहोचले. देश जर्मनांच्या ताब्यात असताना, १९४३ साली, काम्पेन गावच्या रुग्णालयात त्यांनी डायलिसिसचं यंत्र उभं केलं. रक्त गाळायला सॉसेजच्या आवरणासाठी वापरतात तो सेलोफेन घेतला. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये बेशुद्धावस्थेतल्या ६७ वर्षांच्या एका बाईंवर उपचार झाले आणि त्या शुद्धीवर आल्या. त्यांच्याआधी जे गेले, त्यांच्यावरच हे तंत्र घडलं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावते तेव्हा माझा एक नमस्कार त्या परक्या माणसांना असतो.

आपल्यापैकी अनेकांचं डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून होतं. तो भार कधीही न भेटलेल्या करदात्यांवर असतो.

आणि पाणी! चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं. मला मात्र, किडन्या ते बाहेर टाकत नसल्यानं, दिवसभरात लिटरभरही पिता येत नाही. उन्हाळ्यात जीभ टाळूला चिकटते, माठाकडे बघवत नाही. पहाटे येऊन आरओ प्लांट सुरू करणारा, पाणी तपासणारा मुलगा आमच्यापैकी कुणाला दिसतही नाही. त्याच्याकडून चूक झाली तर ती थेट आमच्या रक्तात उतरेल. त्याला नावानं हाक मारून विचारपूस करते, ही माझी पूजाच आहे.

लहानपणी आईनं ‘कराग्रे वसते लक्ष्मीः’ म्हणत सकाळी तळहात बघायला शिकवलं. आता फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा, आहे त्या हातावर बोटं टेकवते. आत रक्ताची थरथर लागली, की फिस्टुला चालू आहे. श्लोक तोच म्हणते, पण आता जीव ओतून.

काही दिवस मात्र वाईट असतात. बीपी उतरतं, पोटऱ्यांत गोळे येतात, देव आठवत नाही, आभार तर दूरच. अशा वेळी टेक्निशियन पाय वर उचलून ठेवते, सलाइन सोडते. शेजारच्या बेडवरचे काका हरिपाठ म्हणत असतात, ते आवाज थोडा चढवतात. त्यांचं बीपी उतरतं तेव्हा हरिपाठ मी म्हणते. मला तो सगळा पाठ नाही, मधले अभंग सुटले तर पलीकडच्या ताई जोडून देतात.