पाळीवरच्या बातम्या

(पहाट. पाण्यावर धुकं. नाव दिसायच्या आधी बांबू पाण्यात रुतल्याचा आवाज.)

गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका. डिसेंबर. विदर्भात थंडी वाढली की सगळ्यात कमी तापमानाची नोंद बऱ्याचदा गोंदियाचीच असते, आणि तलावाकाठी ती थंडी जास्तच बोचते.

धुक्यातून येतोय तो डोंगा. एका ओंडक्यातून कोरलेली ही अरुंद नाव. हिच्यात उभं राहायला लहानपणापासूनची सवय लागते. उभे असलेले काका ढिवर समाजाचे. काल संध्याकाळी त्यांनी लावलेलं जाळं आता उचलायचं आहे.

जाळं एका दमात ओढायचं नसतं. वरची दोरी बोटांवर धरून हात हात पुढे सरकायचं. मासा अडकला असेल तर दोरीच सांगते. रोहू जोरात झटका देतो. मरळ बराच वेळ शांत राहते आणि हातात आल्यावर उसळते. मरळ हवेतून श्वास घेते, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळली तर बाजारापर्यंत जिवंत राहते आणि तिला भावही चांगला मिळतो. जाळ्याचे डोळे किती मोठे ठेवायचे, हे कुठला मासा हवा त्यावर ठरतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठला मासा सोडायचा आहे. हाताएवढी पिल्लं बघा, काका ती पुन्हा पाण्यात टाकताहेत. त्यांना कुणी तसं सांगितलेलं नाही.

(जवळून : बोटं, ओली दोरी, जाळ्यात अडकलेल्या हिरव्या काड्या.)

या हिरव्या काड्यांकडे नीट पाहा. ही हायड्रिला, पाण्याखालचं गवत. शहरातून आलेल्या माणसाला हा कचरा वाटतो. काका ती झटकून पाण्यातच परत टाकतात. या गवतात मासा अंडी घालतो, पिल्लं लपतात, झिंगे राहतात. हे गवत कुठल्या कोपऱ्यात दाट आहे, हे काकांना डोळे मिटून सांगता येतं.

(पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध. ऊन वर येतंय. शेकोटी. माणसं जमताहेत.)

डोंगा काठाला लागायच्या आधीच पाळीवर गिऱ्हाईक जमलेलं असतं. बाया टोपल्या घेऊन येतात, पोरं शेकोटीभोवती. तराजू निघतो. आणि मासे मोजता मोजता गावाच्या बातम्या सुरू होतात. कुणाचा धान मळून झाला, कुणाचे पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, अजून शेतातच आहेत. नागपूरला कामाला गेलेली मुलं मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावच्या जत्रेला, येणार की नाही. कुणाच्या घरी पाहुणे येऊन गेले आणि बोलणं कुठवर आलं. कुणाची म्हातारी दवाखान्यात आहे, तिच्या घरी आज डबा कोण नेणार.

मावशींनी दोन मासे बाजूला काढून ठेवलेत. ते विकायचे नाहीत. ज्या घरी डबा जाणार आहे, त्या घरचे आहेत.

गेल्या काही वर्षांत या बातम्यांत हत्ती आले. २०२१च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत शिरला, आणि पुढच्या वर्षी नवेगावबांधच्या जंगलापर्यंत पोचला. हत्तीला धानाचा पुंजणा लांबून कळतो. त्यामुळे ज्यांचे पुंजणे शेतात आहेत, त्यांना कळप कुठल्या गावाकडे आहे ते संध्याकाळच्या आत कळायला हवं. फोनवर निरोप येतात, पण पक्कं काय ते सकाळी पाळीवरच ठरतं, कारण जंगलाकडच्या वस्तीतली माणसं इथेच येतात.

(वरून घेतलेलं दृश्य : नवेगावबांध. टेकड्या, पाणी, पाळ.)

आता हा तलाव. वरून पाहिलं की तो निसर्गानेच केला असं वाटतं. पण हा माणसांनी बांधलाय. परंपरा सांगते, सुमारे तीनशे वर्षांपूर्वी कोलू पाटील कोहळी यांनी नवेगावबांध बांधला. सभोवती दिसणाऱ्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात, आणि त्या बहिणींच्या मदतीनेच पाळ टिकली असं मानतात. कोलू पाटलांचा पुढे देव झाला, कोलासूर. धरण बांधणाऱ्याची पूजा करणारी गावं फार नसतील.

नवेगाव मोठा आहे म्हणून तो दाखवला जातो. पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांवर लहानमोठे तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळायची. त्या जमिनीला तुकुम म्हणत, आणि या भागात आजही तुकुम नावाच्या जागा आहेत. कोहळी समाजाने जमिनीचा उतार नुसत्या नजरेने हेरला. जंगलातून येणारा ओढा जिथे दोन उंचवट्यांमधून जातो, तिथे मातीची पाळ घातली. सिमेंट नाही, लोखंड नाही. एक तलाव भरला की जास्तीचं पाणी सांडव्यावरून खालच्या तलावात, तिथून आणखी खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात. पाणी शेताकडे सोडायचं तोंड म्हणजे तुडुम. ते उघडायचं कधी, कुणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, आधी, हे पाणकर बघायचा, आणि गाव त्याचं ऐकायचं. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की शेतकरी बैलगाड्या घेऊन येत आणि गाळ काढून आपल्या शेतात टाकत. तलाव खोल राही, शेत सुपीक होई.

हे सगळं एकमेकांत विणलेलं होतं. पाणी कोहळ्यांच्या शेतीचं, मासा ढिवरांचा, काठावरचं गवत गुरांचं, पाळीवरचा मोह सगळ्यांचा. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, रद्द झाली आणि तलाव सरकारचे झाले. मालगुजारीत जुलूम होता, ती जायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर पाणकर गेला आणि गाळाच्या गाड्याही थांबल्या, आणि कागदावर या जागेला नवं नाव मिळालं : माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव.

(पाण्यावर बदकांचा थवा. एकदम उडतो, वळतो, पुन्हा उतरतो.)

हे तलवार बदक. शेपटीचं लांब पीस पाहा. शेपटी वर, डोकं खाली करून ते पाण्याखालचं गवत ओरबाडतात. त्यांच्या पलीकडे लालसरी. ती बुडी मारते आणि चांगली खोलवर जाते. काळी अंगं आणि पांढरं कपाळ दिसतंय ते चांदवे. आणि हे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, पट्टकादंब. मंगोलिया आणि तिबेटच्या पठारावरून, हिमालय ओलांडून येतात. एवढा प्रवास करून ते कुठल्या तलावावर उतरतात आणि कुठल्या तलावावरून नुसतेच फिरून पुढे जातात, हे काठावर बसून पाहिलं तर लक्षात येतं. जिथे गवत आहे, कमळ आहे, देवधान आहे, तिथे ही गर्दी. देवधान म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारा रानधान.

(शेजारचा तलाव. रिकामं पाणी. काठाला बेशरमाची दाट झुडपं.)

हा तलाव तिथून फार लांब नाही. गाळाने उथळ झाला, काठ बेशरमाने व्यापला, मोठ्या उत्पन्नासाठी बाहेरून आणलेला गवत्या मासा सोडला गेला आणि त्याने पाण्याखालचं गवत खाऊन तळ साफ केला. देशी मासे घटले, पक्षी कमी झाले, आणि ज्यांचं घर माशावर चालायचं ती माणसं मजुरीला लागली.

(शिंगाड्यांचा ढीग. मोठं पातेलं, वाफ.)

ज्या तलावात अजून शिंगाडा होतो, तिथे थंडीचे पहिले दोन महिने घाईचे. वेल पाण्यावर तरंगतो, फळ पानाखाली असतं. थंडगार पाण्यात उतरून हाताने एकेक वेल उलटायचा आणि तयार फळ तेवढं तोडायचं. कोवळं तोडलं तर पुढची तोडणी बुडाली. काट्यांनी बोटं फाटतात. काठावर बाया शिंगाडे उकडतात, सोलतात, काही वाळवायला टाकतात. बाजारात उकडलेल्या शिंगाड्याचा ढीग पाहणाऱ्याला ही बोटं दिसत नाहीत, म्हणून आम्ही कॅमेरा इथे जरा जास्त वेळ ठेवलाय.

(कापलेली शेतं. दोन उंच करडे पक्षी, मागे एक लहान.)

हे चित्रण जिल्ह्याच्या उत्तरेचं, परसवाड्याकडचं. सारस. उभा राहिला की माणसाच्या उंचीला येतो. महाराष्ट्रात तो उरलाय जवळजवळ एकट्या गोंदिया जिल्ह्यात, तोही पन्नासच्या आत. पावसाळ्यात तो धानाच्या उभ्या बांधीत घरटं करतो, म्हणजे शेतकऱ्याचं थोडं पीक जातंच. ज्या शेतकऱ्याने घरट्याभोवतीचा धान तसाच ठेवला, त्याच्यामुळे हे पिल्लू दिसतंय. त्याला उडायला साधारण तीन महिने लागतात. या पिल्लाने पहिली झेप घेतली, ही बातमी त्या दिवशी गावभर झाली होती. प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेला आहे. घरट्याची राखण मात्र बांधावरच होते.

(रात्र. मंडप, दिवे, घोंगड्या पांघरलेले प्रेक्षक.)

आणि ही मंडई. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, गावोगावच्या मंडया सुरू होतात. दिवसा दुकानं, पाळणे, दंडार हे लोकनाट्य. रात्री नाटक. वडसा म्हणजे देसाईगंजच्या नाटक कंपन्या थंडीभर गावोगाव फिरतात, आणि प्रयोग रात्री सुरू झाला की उजाडेपर्यंत चालतो. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांना पाय ठेवायला जागा नसते, सोयरिकी इथेच जमतात. सकाळी पाळीवर अर्धवट राहिलेली बातमी इथे पूर्ण होते. आजीबाई नाटकाकडे पाहताहेत, पण कान शेजारच्या बोलण्याकडे आहेत, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतंय.

(दुसरा दिवस. पाळीवर बैठक. पुरुष, आणि पुढच्या रांगेत बाया.)

ही मच्छीमार संस्थेची बैठक. पुढच्या पावसाळ्यात तलावात काय सोडायचं, यावर चर्चा आहे. रोहू, कटला सोडले की लवकर पैसा येतो, संस्थेला ठेक्याची रक्कम भरायची असते, त्यामुळे ते म्हणणारे चुकीचे नाहीत. पण पुढच्या रांगेतल्या बायांचं म्हणणं वेगळं आहे : गवत्या मासा नको, आणि उन्हाळ्यात तळ उघडा पडला की बेशरम मुळासकट उपटायचा, नांगर फिरवायचा, पहिल्या पावसानंतर हायड्रिला आणि बाकीचं देशी गवत लावायचं. तालुक्यातल्या काही संस्थांनी आणि महिला गटांनी हे करून दाखवलंय. चिखलात उभं राहून, धानाच्या रोवणीसारखं, एकेक मूठ. तिथे मरळ परत आली, थंडीत बदकंही उतरली.

हात वर झाले. गवत्या मासा सोडायचा नाही, हे ठरलं. बेशरम उपटायला घरटी एक माणूस. रोपं कुठल्या गावच्या तलावातून आणायची आणि त्या गावाला बदल्यात काय द्यायचं, यावर मात्र एकमत होईना. शेवटी दोन बाया त्या गावच्या मंडईला जाऊन तिथल्या संस्थेशी बोलतील, असं ठरलं. मंडई शुक्रवारी आहे.