उभा घोडा

(साताऱ्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘चित्रकलेतला घोडा : काल आणि आज’. विषय मीच दिला होता आणि त्यावर बोलणारही आहे. पण आधी दोन प्रश्न विचारते. धावत्या सात घोड्यांचं चित्र कुणाकुणाच्या घरात आहे? हात वर करा. लाजू नका. मागची तर अख्खी रांगच आहे की! बरं, आता उभ्या घोड्याचं चित्र कुणाच्या घरात आहे? एकही हात नाही. माझं सगळं म्हणणं या दोन प्रश्नांच्या मध्ये आहे.

माझ्या आजोबांचा टांगा होता, एसटी स्टँड ते राजवाडा. दुपारी टांगा सोडला की आजोबा आधी घोड्याचे चारही पाय चाचपून बघायचे, मग स्वतः पाणी प्यायचे. मला आठव्या वर्षी त्यांनी खरारा करायला शिकवलं. मी उपड्या बादलीवर उभी राहायची. मानेपासून सुरुवात, केसांच्या दिशेनं, पोटाखाली हात हलका. एकदा तबेल्याच्या भिंतीवर मी कोळशानं घोडा काढला. मान उंच, शेपूट हवेत. आजोबांनी बघितला, बिडी विझवली आणि विचारलं, “भार कुठल्या पायावर हाय?” मला कळेना. म्हणाले, “आगं, निवांत घोडं चारी पायांवर सारखं उभं ऱ्हात न्हाई. मागचा एक पाय सैल सोडतंय. तुझ्यानं कुठला सोडलाय?”

मी पुढं कलाविद्यालयात पाच वर्षं काढली. शरीररचना शिकले, तैलरंग शिकले. हा प्रश्न मला तिथं कुणी विचारला नाही. आज पस्तीस वर्षं घोडे काढतेय, आणि कॅनव्हाससमोर बसले की अजून आधी हाच प्रश्न येतो. भार कुठल्या पायावर आहे?

आता सात घोड्यांचं. तीन-चार वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले. नवा बंगला बांधलेला, भिंत मोकळी. म्हणाले, सात घोडे हवेत, पांढरे, सगळे धावते, लगाम नको, तोंडं घराच्या आतल्या बाजूला. मी त्यांना माझं उभ्या घोडीचं एक चित्र दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं. जवळ जाऊन तिच्या नाकपुडीपाशी बोटसुद्धा नेलं. मग म्हणाले, “मॅडम, चित्र झकास आहे. पण उभा घोडा म्हणजे थांबलेला धंदा.”

गृहस्थ भले होते. बोलले ते मनापासून. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून आजतागायत गेलेलं नाही, कारण त्या वाक्यातच आपल्याकडच्या घोड्यांची सगळी दशा आहे.

जाता जाता त्या पांढऱ्या रंगाचंही सांगते. तुम्ही पाहता त्यातले बहुतेक पांढरे घोडे जन्मतः पांढरे नसतात. शिंगरू जन्मतं ते तांबडं, तपकिरी नाहीतर काळं. वर्षागणिक राखी होतं, घोडेवाले त्याला सब्जा म्हणतात, आणि मग हळूहळू पांढरं पडतं. केस पांढरे, पण खालची कातडी काळीच राहते. नुकरा वेगळा. त्याची कातडी गुलाबी असते आणि तो जन्मापासून पांढरा असतो. म्हणजे तुमच्या चित्रातले ते सात पांढरे घोडे, नुकरे नसतील तर, चांगले पोक्त वयाचे असणार! नाकाडापाशी, डोळ्यांभोवती काळी झाक दिसते की नाही, घरी जाऊन बघा. नसेल तर चित्रकारानं घोडा जवळून पाहिलेला नाही.

ही काळी कातडी मी सगळ्यात स्वच्छ पाहिली ती भर पावसात. आता ढगीची गोष्ट सांगते. थोडी लांबेल, पण सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

ज्येष्ठ संपत आला होता. लग्नसराई उरकली होती. वाढे फाट्याच्या पुढं सर्व्हिस रोडच्या कडेला एक घोडी उभी होती. वरातीची असणार, कारण आयाळीत लाल लोकरीचा एक गोंडा अजून अडकलेला होता. पावसानं केस अंगाला चिकटले होते आणि खालची कातडी दिसत होती, त्यामुळं ती पांढरी दिसतच नव्हती. पाऊस भरलेल्या ढगासारखी निळसर करडी. पाठीवर, जिथं खोगीर बसतं तिथं, रुपयाएवढी दोन जुनी लागलेली ठिकाणं. पुढचा उजवा पाय तिनं पुढं टाकला होता, खुराचं टोक फक्त जमिनीला.

मी गाडीतून बघितलं आणि पुढं गेले. हे मला आज इथं सांगितलंच पाहिजे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच गेले, तेव्हाही ती तशीच उभी. मनात म्हटलं, उभी आहे, म्हणजे बरी आहे, कुणीतरी येऊन नेईल. तिसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती आजोबांच्या प्रश्नानं. घोडं सैल सोडतं तो मागचा पाय. एकदा डावा, एकदा उजवा, आलटून पालटून. पुढचा पाय असा पुढं काढून ठेवत नाही. ठेवला तर त्या पायात ठणका आहे. ती घोडी तीन पायांवर उभी होती आणि मी, घोडे काढणारी बाई, दोन वेळा शेजारून गेले होते.

सकाळी मी आणि शेजारचा पोरगा असे दोघं दोर आणि बादली घेऊन गेलो. त्या पायाच्या खुराला हात लावला तर इस्त्रीसारखा तापलेला. टेम्पोत चढवायला दीड तास लागला. हिसका नाही, आरडाओरडा नाही, नुसतं थांबायचं, एक पाऊल टाकलं की पुन्हा थांबायचं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले, इंजेक्शनं दिली, म्हणाले, खुरात पू झालाय, नालबंद बोलवा. आता साताऱ्यात नालबंद शोधायचा म्हणजे! टेबललँडवर घोडे आहेत म्हणून पाचगणीकडं अजून मिळतात. तिथून एक चाचा आले. सत्तरीचे, एका डोळ्याला मोतीबिंदू. त्यांनी पाय मांडीत धरला आणि म्हणाले, “बाई, नाल बघा. चार महिने कुणी काढली नाही.” खूर म्हणजे नखच. महिन्याला सेंटिमीटरच्या आतबाहेर वाढतं. दीड-दोन महिन्यांनी नाल काढून खूर तासायचा असतो. इथं खूर नालेवरून ओघळून बाहेर आला होता.

चाचांनी नाल उपसली आणि वाकड्या सुरीनं तळ सोलायला घेतला. बटाट्याच्या सालीसारखे पातळ काप पडत होते. एका जागी काळा ठिपका दिसला, खसखशीएवढा. तिथं सुरीचं टोक फिरवलं आणि चिळकन काळं पाणी बाहेर आलं. वास असा की शेजारचा पोरगा बाहेर पळाला. ढगीनं मान खाली टाकली आणि नाकातून लांबच लांब फुरफुरली. चाचा म्हणाले, “आता बोलली.”

पुढं रोज दोन वेळा कोमट मिठाच्या पाण्यात पाय. आणि भोकातून चिखल आत जाऊ नये म्हणून खुराला बांधायला काय, तर लहान बाळाचं डायपर, वरून रुंद चिकटपट्टी. हसू नका, खुरासाठीच शिवल्यासारखं बसतं ते. मेडिकलवाल्या पोरानं आठवडाभर डायपरं दिली आणि शेवटी विचारलं, “काकू, नातू का नात?” मी म्हटलं, “घोडी.” त्यानं सगळी हकिकत ऐकून घेतली आणि त्या पाकिटाचे पैसे घेतले नाहीत.

एक कळकळीची विनंती मध्येच करते. अशी घोडी दिसली की लोक प्रेमानं पाव, चपात्या, लग्नातला उरलेला भात आणून टाकतात. नका टाकू. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं तोंडावाटे परत येऊच शकत नाही. त्याचं पोट अंगाच्या मानानं लहान, आणि निसर्गानं त्याला दिवसरात्र थोडं थोडं गवत चघळायला घडवलंय. उपाशी घोड्याला एकदम पोटभर चंदी, म्हणजे दाणा, घातली तर पोटशूळानं तो दोन दिवसांत जाऊ शकतो. स्वच्छ पाणी ठेवा, वाळलं गवत ठेवा, डॉक्टरांना फोन करा.

ढगी सांभाळायची तर रीतसर नोंद हवी म्हणून मी एका कार्यालयात गेले. त्यांनी दुसरीकडं पाठवलं, की ती जागा आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्यांनी परत पहिल्यांकडं. चौथ्या फेरीला फॉर्म मिळाला. त्यात गाय होती, बैल, म्हैस, शेळी, मेंढी होती, कुत्रासुद्धा होता. घोडा नव्हता. मी ‘इतर’पुढं खूण केली. मंडळी, हे सातारा आहे. शाहू महाराजांची राजधानी. या मातीतून निघालेली घोडदळं पार अटकेपर्यंत गेली. बारगीर, शिलेदार, पागा हे आपल्या घरातले शब्द आहेत. आणि त्या गावात घोडा ‘इतर’! मी त्या बाकावर बसून रडले, खोटं कशाला सांगू.

आपण उभं राहून राज्यगीत गातो, त्यात भीमथडीच्या तट्टांना यमुनेचं पाणी पाजतो. ती तट्टं गोष्टीतली नाहीत. भीमा-नीरेच्या खोऱ्यातला हा काटक, अंगानं लहान घोडा आजही धनगरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे त्यांच्या फिरत्या तळाबरोबर, बिऱ्हाड वाहत फिरतोय, आणि देशी जात म्हणून आता त्याची अधिकृत नोंदही झाली आहे. गाण्यात यमुनेचं पाणी पाजतो ना, मग हायवेच्या कडेला एक बादली ठेवायला काय हरकत आहे?

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अहो, मुख्य विषय अजून राहिलाच की. बरं, आता भराभर जाते.

धावता घोडा माणसाला हजारो वर्षं नीट दिसलाच नव्हता. युरोपातले भलेभले चित्रकार भरधाव घोडा काढायचे तो पुढचे दोन पाय पुढं, मागचे दोन मागं, असा हवेत पसरलेला. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या छायाचित्रकारानं ओळीनं बारा कॅमेरे मांडले आणि दाखवून दिलं की चारही खूर जमिनीवरून सुटतात खरे, पण तेव्हा पाय पोटाखाली गोळा झालेले असतात, पसरलेले नसतात. तुमच्या सात घोड्यांचे पाय या नजरेनंही तपासा.

उलट उभ्या घोड्याकडं बघायला कॅमेरा लागत नाही, सवड लागते. इंग्लंडमध्ये जॉर्ज स्टब्ज या चित्रकारानं दीड वर्ष एका शेतावर राहून मेलेल्या घोड्यांचा थर न् थर सोलून त्याची चित्रं केली आणि १७६६ मध्ये छापली. तेव्हापासून चित्रकारांना नीट कळलं की पुढच्या पायाचा आपण गुडघा म्हणतो ते खरं तर मनगट आहे, आणि घोडा प्रत्येक पायावर एकेका बोटाच्या नखावर उभा आहे. तीन-चारशे किलोचं जनावर चार नखांवर! हे एकदा कळलं की खुराला तडा गेलेला बघून आपल्याच बोटात कळ येते.

आपल्याकडं चित्रकार एम. एफ. हुसेन. त्यांचा जन्म पंढरपूरचा. त्यांच्या घोड्यांच्या ताणलेल्या माना, वळलेले जबडे सगळ्यांना माहीत आहेत. त्यावर तासभर बोलायचं होतं, ते राहिलं. आपल्याच जिल्ह्यात औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधी, संस्थानिक असून स्वतः चित्रकार. त्यांचं संग्रहालय इथून फार लांब नाही. मुलांना घेऊन जा, आणि कुठल्याही चित्रात, शिल्पात घोडा दिसला की आजोबांचा प्रश्न विचारा.

शेवटचं, वारीचं. माउलींच्या पालखीत अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व असतात. एकावर स्वार, दुसऱ्यावर कुणी बसत नाही, तो माउलींचा. पालखी सोहळ्याला आजचं रूप देणारे हैबतबाबा आपल्या आरफळचे. पहिलं उभं रिंगण होतं तेही आपल्या जिल्ह्यात, तरडगावच्या अलीकडं चांदोबाच्या लिंबाला. अश्व दौडतात ते काही मिनिटं, आणि त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. मीही लावते. पण तेच अश्व अंकलीहून आळंदीला आणि आळंदीहून पंढरीला चालत जातात. मी पाच वर्षं मुक्कामावर जाऊन रेखाटनं केली. संध्याकाळी त्यांचा पाय उचलून खडा काढणारा, ओल्या फडक्यानं डोळे पुसणारा माणूस मला रिंगणाइतकाच बघण्यासारखा वाटतो. त्याचं चित्र कुणी काढलेलं मी पाहिलं नाही, म्हणून मी काढतेय.

आणि कायद्याचं एका वाक्यात. उपासमार होईल अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि त्या कायद्यात घोडा ‘इतर’ नाही. आधी फोटो काढा, जागा नोंदवा, मग फोन करा.

दुसरी चिठ्ठी आली. आवरते.

बाहेर दाराशी एक चित्र लावलंय, ते ढगीचं. बाविसाव्या दिवशी रात्री मी गोठ्यात गेले तर तिनं पुढचे दोन्ही पाय सरळ टेकले होते आणि मागचा डावा सैल सोडला होता, खालचा ओठ लोंबत होता. मी कंदील खाली ठेवला आणि तिथंच बसून काढलं. ते चित्र विकायचं नाही.

परवा रविवारी सकाळी सात वाजता चाचा येणार आहेत, खूर तासायला. ज्यांना बघायचं असेल त्यांनी जरूर या, मुलांना आणा. फक्त तिच्या मागून येऊ नका. घोड्याला बरोबर मागचं दिसत नाही, आणि कपाळासमोरचंही नाही. खांद्याच्या बाजूनं, लांबून नावानं हाक मारत या. हाक मारली की ती कान वळवते. मग पुढं यायचं.