अ‍ॅस्ट्रोडोम : पाडायचा की राखायचा?

(दृश्य : वरून दिसणारा घुमट, भोवती रिकामं पार्किंग)

अमेरिकेतलं ह्यूस्टन शहर. अफाट पार्किंगच्या मधोमध अ‍ॅस्ट्रोडोम हे घुमटाचं स्टेडियम गेली पंधराहून अधिक वर्षं कुलूपबंद आहे. अग्निसुरक्षेच्या नियमांत बसत नाही म्हणून प्रेक्षकांना आत प्रवेश नाही. शेजारी नवं स्टेडियम आहे, तिथे गर्दी असते.

१९६५ साली हा घुमट उघडला, तेव्हा छताखाली, वातानुकूलित हवेत बेसबॉल खेळायची कल्पनाच नवी होती. घुमटाचा व्यास ६४२ फूट, आणि मध्ये एकही खांब नाही. एवढं छत कडेने बाहेर पसरू पाहतं. त्याला परिघावरचं पोलादी कडं आवळून धरतं.

(दृश्य : आतून छत)

छतात ४,५९६ पारदर्शक खिडक्या होत्या, कारण खाली खरं गवत वाढवायचं होतं. पण दुपारच्या सामन्यात उंच उडालेला चेंडू त्या लख्ख जाळीत दिसेनासा व्हायचा आणि झेल सुटायचे. म्हणून खिडक्यांना रंग फासला. चेंडू दिसू लागला, गवत मात्र मेलं. उरलेला हंगाम हिरवा रंग दिलेल्या मातीवर निघाला. १९६६ मध्ये मोन्सॅन्टो कंपनीचं कृत्रिम गवत अंथरलं गेलं आणि या मैदानावरूनच त्याला अ‍ॅस्ट्रोटर्फ हे नाव पडलं. आपल्याला तो शब्द हॉकीमुळे ठाऊक आहे : १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी कृत्रिम मैदानावर झाली आणि भारत सातवा आला. त्या बदलाची सुरुवात या छताच्या चुकीत आहे. आमच्या मते इमारत जपण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

(दृश्य : खोलगट मैदान)

पाडा म्हणणाऱ्यांचं म्हणणं पैशांचं आहे, आणि ते खोटं नाही. २०१३ मध्ये नूतनीकरणासाठी २१ कोटी ७० लाख डॉलरचे रोखे काढायचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. पण मतपत्रिकेवर प्रश्न रोख्यांचा होता, ‘पाडायचा का?’ असं कुणी विचारलंच नव्हतं. २०१७ मध्ये टेक्सास राज्याने वास्तूला संरक्षित दर्जा दिला. आता राज्याच्या ऐतिहासिक आयोगाच्या परवानगीशिवाय तिला हात लावता येत नाही.

खर्चाचा हिशेब मांडताना एक गोष्ट हमखास सुटते. मैदान जमिनीच्या पातळीपेक्षा सुमारे ३० फूट खाली आहे. घुमट पाडला तरी तो खड्डा भरावाच लागणार. अ‍ॅस्बेस्टॉसही (जुन्या बांधकामातला आरोग्याला घातक तंतू) दोन्ही वाटांनी काढावंच लागतं. २०१८ च्या १० कोटी ५० लाख डॉलरच्या योजनेने खड्ड्याचाच उपयोग केला होता : मैदानाची जमीन रस्त्याच्या पातळीपर्यंत उचलायची, खाली दोन मजल्यांत सुमारे १,४०० गाड्या लावायच्या, वर प्रदर्शनं आणि मेळे भरवायचे. घुमटाची मालकी असलेल्या हॅरिस काउंटीने (जिल्हा प्रशासनाने) ती मंजूर केली, आणि पुढे ती रखडली.

पैसे कुणी घालायचे, यावर अजून एकमत नाही. नवा आराखडा कुठलाही येवो, त्यात खड्डा भरायचा खर्च ‘पाडा’च्या रकान्यात लिहिलेला आहे का, ते आधी तपासा.